चष्म्याचा नंबर बरोबर, तरी डोकं का दुखतं? 'पीडी' नावाच्या आकड्याची गोष्ट

नवीन चष्मा आला. नंबर डॉक्टरांनी तपासून दिलेला. कागदावर जो आकडा, तोच काचेत. फ्रेमही आवडीची. तरी चष्मा घातला की डोकं जड होतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात, वाचताना ओळी हलतात. दोन आठवडे झाले तरी सवय होत नाही. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक तर नंबर चुकला, नाहीतर दुकानदाराने हलकी काच दिली.

तिसरी शक्यता सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. काच बरोबर आहे, नंबरही बरोबर आहे, पण ती काच डोळ्यासमोर चुकीच्या जागी बसली आहे. ती जागा ठरवणारा आकडा म्हणजे पीडी.

मोठ्या माणसाला त्रास झाला तर तो दुकानात जाऊन भांडतो. सहा वर्षांचं मूल काय करणार? त्याला वाटतं, चष्मा असाच असतो. ते चष्मा काढून दप्तरात टाकतं आणि घरचे म्हणतात, "याला चष्म्याचा कंटाळा येतो." म्हणून हा आकडा काय असतो, कसा मोजतात आणि मुलांच्या बाबतीत काय वेगळं असतं, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

पीडी म्हणजे नेमकं काय?

पीडी म्हणजे प्युपिलरी डिस्टन्स. डोळ्याच्या मधोमध जो काळा गोल दिसतो, त्याला मराठीत बाहुली म्हणतात. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर म्हणजे पीडी. हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. डॉक्टरांच्या कागदावर बऱ्याचदा खालच्या कोपऱ्यात 'आयपीडी' अशी जागा असते. आयपीडी म्हणजे हेच अंतर. अनेकदा ती जागा रिकामी असते, कारण नंबर काढणं हे डॉक्टरांचं काम आणि पीडी मोजणं हे चष्मा बनवणाऱ्याचं काम, अशी विभागणी धरली जाते.

हा आकडा कशासाठी लागतो? चष्म्याच्या प्रत्येक काचेत एक बिंदू असा असतो, जिथून प्रकाश न वाकता सरळ आत येतो. त्याला ऑप्टिकल सेंटर म्हणतात. हा बिंदू बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवा. दोन काचांचे दोन बिंदू एकमेकांपासून किती अंतरावर ठेवायचे, हे पीडीवरून ठरतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पीडीचा नंबराशी संबंध नाही. मायनस दोनवाल्याची पीडी ६८ असू शकते आणि मायनस आठवाल्याची ५८. ते चेहऱ्याचं माप आहे, चपलेच्या मापासारखं.

साधारण किती असते?

प्रौढ माणसाची सरासरी पीडी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. केंब्रिज विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ नील डॉजसन यांनी २००४ मध्ये उपलब्ध मोजमापं एकत्र तपासून मांडणी केली होती. तिच्यानुसार बहुतेक प्रौढांची पीडी ५० ते ७५ मिलिमीटरच्या दरम्यान असते. पाच वर्षं आणि त्याहून मोठ्या मुलांमध्ये हा आकडा ४० पर्यंत खाली जाऊ शकतो. पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा थोडी जास्त असते.

म्हणजे दोन धडधाकट प्रौढांच्या पीडीत दोन सेंटिमीटरचा फरक असू शकतो. 'सरासरी ६३ आहे ना, मग तीच लावा' हा हिशोब चालत नाही, तो यामुळेच. व्हीआर हेडसेटलाही ही अडचण आली. मेटा क्वेस्ट २ मध्ये भिंगं ५८, ६३ आणि ६८ अशा तीन जागांवर सरकवण्याची सोय द्यावी लागली.

आकडा चुकला तर काय होतं?

ऑप्टिकल सेंटर सोडून बाजूच्या भागातून पाहिलं की काच प्रिझमसारखी वागते. समोरची वस्तू मूळ जागेवरून थोडी सरकलेली दिसते. दोन्ही डोळ्यांना ती वेगवेगळ्या दिशेला सरकलेली दिसली, तर मेंदूला दोन चित्रं जुळवण्यासाठी डोळे ओढून धरावे लागतात. तो ताण म्हणजे डोकेदुखी, डोळ्यांचा थकवा आणि कधीकधी एकाच्या दोन वस्तू दिसणं.

हा परिणाम किती होतो, याचं सोपं गणित आहे. अमेरिकेतले ऑप्टिशियन चार्ल्स प्रेंटिस यांच्या नावाने ते ओळखलं जातं. काच बाहुलीपासून किती सेंटिमीटर सरकली आहे, त्याला नंबराने गुणायचं. येणारं उत्तर प्रिझम डायॉप्टरमध्ये असतं. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवरची वस्तू एक सेंटिमीटर सरकलेली दिसणं.

समजा प्रत्येक काच ३ मिलिमीटर, म्हणजे ०.३ सेंटिमीटर सरकली आहे.

• नंबर १ असेल तर प्रत्येक डोळ्याला ०.३ प्रिझम डायॉप्टर. बहुतेकांना कळणारही नाही.
• नंबर ६ असेल तर प्रत्येक डोळ्याला १.८ आणि दोन्ही मिळून ३.६. हे जाणवतं.

चूक तेवढीच, पण नंबर वाढला की तिची किंमतही वाढते. मित्राने ऑनलाइन चष्मा मागवला आणि त्याला काहीच झालं नाही, पण तुम्हाला मात्र त्रास होतो, याचं कारण इथे सापडू शकतं.

चूक कोणत्या बाजूला झाली, यानेही फरक पडतो. आपले डोळे आतल्या बाजूला, नाकाकडे, सहज वळतात. जवळचं वाचताना ते तेच करतात. एकाच वेळी बाहेरच्या बाजूला वळणं मात्र त्यांना फारसं जमत नाही. मायनस नंबरच्या चष्म्यात काचांची केंद्रं हवी त्यापेक्षा लांब बसली, तर डोळ्यांना बाहेर वळायची सक्ती होते. प्लस नंबरमध्ये उलट, केंद्रं जास्त जवळ आली की तोच त्रास होतो.

एक आकडा की दोन?

पीडी दोन प्रकारे लिहितात. '६२' असा एकच आकडा म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधलं पूर्ण अंतर. '३०/३२' असे दोन आकडे म्हणजे नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीपर्यंतचं वेगळं अंतर. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. नाक थोडं एका बाजूला असतं, एक डोळा जरा लांब असतो. साध्या कमी नंबरच्या चष्म्याला एक आकडा चालून जातो. नंबर जास्त असेल किंवा प्रोग्रेसिव्ह काच घ्यायची असेल, तर दोन वेगळे आकडेच हवेत. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचं, मधलं आणि जवळचं दिसणारा पट्टा अरुंद असतो. तो दोन मिलिमीटर सरकला तरी माणूस मान वाकडी करून वाचायला लागतो. या काचेसाठी बाहुली फ्रेमच्या खालच्या कडेपासून किती उंचीवर येते, हेही मोजतात. ते माप निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर घालूनच घ्यावं लागतं.

आणखी एक फरक आहे तो दूर आणि जवळचा. जवळ पाहताना डोळे आत वळतात, म्हणून बाहुल्यांमधलं अंतर कमी होतं. मोठ्या माणसात हा फरक साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा असतो. दूरच्या चष्म्यासाठी दूरची पीडी लागते आणि फक्त वाचायच्या चष्म्यासाठी जवळची. कागदावर नुसता आकडा असेल, तर तो बहुधा दूरचा असतो. तरी विचारून घ्यावं.

दुकानात पीडी कशी मोजतात?

पहिली पद्धत साध्या पट्टीची. ऑप्टिशियन तुमच्यासमोर साधारण ४० सेंटिमीटरवर, डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर बसतो. पट्टी तुमच्या नाकावर टेकवतो. मग स्वतःचा उजवा डोळा मिटतो आणि तुम्हाला त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात पाहायला सांगतो. तुमच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य जुळवतो. नंतर डावा डोळा मिटून उजवा उघडतो, तुम्हाला त्यात पाहायला सांगतो आणि तुमच्या डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचतो.

हे डोळे मिचकावणं कशासाठी? तुमचा उजवा डोळा त्याच्या डाव्या डोळ्याकडे आणि तुमचा डावा त्याच्या उजव्याकडे पाहतो. त्यामुळे माणूस हातभर अंतरावर असूनही तुमची नजर जवळपास समांतर राहते, दूर पाहिल्यासारखी. समोरच्याने दोन्ही डोळे उघडे ठेवून आकडा वाचला, तर तो कमी येण्याची शक्यता असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी, त्यामुळे काळी बाहुली नेमकी कुठे संपते ते दिसत नाही. अशा वेळी बुबुळाच्या कडेची मदत घेतात. एका डोळ्याच्या बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या डोळ्याच्या बुबुळाच्या आतल्या, म्हणजे नाकाकडच्या, कडेपर्यंत मोजलं की जवळपास तोच आकडा मिळतो. बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यातली रेघ स्पष्ट दिसत असल्याने चूक कमी होते.

दुसरी पद्धत प्युपिलोमीटरची. दुर्बिणीसारखं दिसणारं हे यंत्र नाकावर टेकवतात. आत दिवा दिसतो, त्याकडे पाहायचं. डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाचा ठिपका पाहून ऑप्टिशियन रेषा जुळवतो. दोन्ही डोळ्यांचे वेगळे आकडे मिळतात आणि दूरचं, जवळचं अंतरही निवडता येतं. दुकानात हे यंत्र असेल तर 'यावर मोजा' असं बिनधास्त सांगावं.

घरी मोजायची असेल तर?

मिलिमीटरच्या खुणा असलेली कडक पट्टी घ्या. शिंप्याची टेप नको, ती वाकते.

१. भरपूर उजेडात आरशासमोर साधारण २० सेंटिमीटरवर उभे राहा. चष्मा काढा.
२. पट्टी भुवयांखाली, आडवी आणि सरळ धरा.
३. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने आरशातल्या उजव्या डोळ्याकडे पाहत बाहुलीच्या मध्यावर शून्य जुळवा.
४. डोकं आणि पट्टी न हलवता उजवा डोळा मिटा, डावा उघडा. डाव्या बाहुलीच्या मध्यावर येणारी खूण वाचा. आरशात आकडे उलटे दिसतात, त्यामुळे घाई करू नका.
५. असं निदान तीन-चार वेळा करा. आकडे एकमेकांपासून एखाद्या मिलिमीटरच्या आत आले तरच त्यांची सरासरी धरा.

चष्म्याशिवाय आरशातलं दिसतच नसेल किंवा एक डोळा मिटता येत नसेल, तर ही पद्धत सोडून द्या.

मोबाईल ॲपचं काय? अनेक ॲपमध्ये कपाळावर किंवा नाकाखाली कार्ड धरून सेल्फी काढायला सांगतात. एटीएम कार्डाची रुंदी जगभर ठरलेली असते, ८५.६ मिलिमीटर. फोटोत कार्ड किती मोठं दिसतं, त्यावरून पीडीचा हिशोब होतो. कल्पना चांगली आहे, पण चुकांना वाव आहे. सेल्फी काढताना मोबाईल जवळ असतो, डोळे आत वळलेले असतात. कार्ड डोळ्यांच्या पुढे किंवा मागे, वेगळ्या पातळीत असलं की प्रमाण बिघडतं. मान किंचित वळली तरी आकडा बदलतो. चांगली ॲप हे गृहीत धरून दुरुस्ती करतात. तरी नंबर जास्त असेल किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल, तर या आकड्यावर विसंबू नये.

मुलांचा मामला वेगळा का?

मुलांच्या बाबतीत चष्मा म्हणजे अनेकदा उपचार असतो. लहानपणी डोळा आणि मेंदू एकत्र पाहायला शिकत असतात. या वयात स्पष्ट चित्र मेंदूपर्यंत पोहोचलं नाही, तर डोळा आळशी होतो, ज्याला डॉक्टर ॲम्ब्लियोपिया म्हणतात. यावरचा उपचार जितका लवकर, तितका चांगला. पहिली सात-आठ वर्षं त्यासाठी फार महत्त्वाची. अशा मुलाने चष्मा घातलाच नाही, तर उपचारच थांबतो. आणि चष्मा टोचत असेल, घसरत असेल किंवा त्यातून पाहताना डोळे ओढले जात असतील, तर मूल तो घालत नाही.

दुसरं म्हणजे मुलांचा चेहरा वाढतो, त्याबरोबर पीडीही वाढते. मागच्या वर्षीच्या कागदावरची पीडी या वर्षी चालेलच असं नाही. 'नंबर तोच आहे, जुन्या मापाने करून द्या' असं मुलाच्या चष्म्याबाबत सांगू नये. प्रत्येक नव्या चष्म्याला नवं माप, हा साधा नियम पाळावा.

तिसरं, मूल स्थिर बसत नाही. अनुभवी ऑप्टिशियन मुलाला आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसवतो, स्वतः त्याच्या उंचीला येतो आणि नाकाजवळ छोटा टॉर्च किंवा खेळणं धरून नजर खेचून घेतो. तरी जमलं नाही, तर एका डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. डोळ्यांचे कोपरे हलत नाहीत, त्यामुळे बऱ्यापैकी जवळचा आकडा मिळतो.

मुलाला तिरळेपणा असेल तर मोजायची पद्धतच बदलते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की एक डोळा भलतीकडे पाहत असतो. म्हणून एक डोळा झाकून दुसरा मोजायचा, मग उलट. तिरळेपणासाठी डॉक्टर कधीकधी मुद्दाम प्रिझम लिहून देतात. अशा चष्म्यात घरी किंवा ॲपवर मोजलेल्या आकड्याला जागाच नाही.

ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांचा चष्मा नोंदणीकृत तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो, असा कायदा आहे. मुलांचं माप किती गांभीर्याने घ्यायचं, याचा अंदाज त्यावरून येतो.

वाढत्या मापाची फ्रेम घ्यावी का?

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात, बूटही एक नंबर मोठे घेतात. तोच विचार चष्म्याच्या दुकानातही होतो. 'जरा मोठी द्या, दोन वर्षं चालेल.' इथे मात्र बचत अंगाशी येते.

फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला ४४, १६, १२५ असे आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी, तिसरा काडीची लांबी. पहिले दोन मिळवले की दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर कळतं. ४४ आणि १६ म्हणजे ६०. मुलाची पीडी ५० असेल, तर प्रत्येक काचेचं केंद्र ५ मिलिमीटर आत सरकवावं लागेल. आता वाढत्या मापाची ४८ आणि १७ ची फ्रेम घेतली, तर अंतर ६५ होतं. प्रत्येक बाजूला साडेसात मिलिमीटर सरकवावं लागतं.

दुकानदाराने नीट सरकवलं तरी मायनस काचेची बाहेरची कड जाड होते आणि चष्मा जड होतो. मुलांच्या नाकाचा पूल चपटा असतो, त्यावरून जड चष्मा घसरतो आणि मूल फ्रेमच्या वरून पाहू लागतं. सरकवलंच नाही, तर उणे ५ नंबरच्या मुलाला प्रत्येक डोळ्यात ३.७५ प्रिझम डायॉप्टरचा भार पडतो.

मुलाची फ्रेम निवडताना समोरून पाहा. बाहुली काचेच्या जवळपास मध्यावर दिसते का? फ्रेम चेहऱ्याच्या बाहेर जाते का? मान खाली घातली की घसरते का? वाढीसाठी सोय हवीच असेल, तर ती काडीच्या लांबीत आणि नोजपॅडमध्ये शोधा.

रेडिमेड चष्मा चालतो का?

चाळिशी लागली की अनेक जण स्टेशनबाहेरून किंवा आठवडी बाजारातून तयार चष्मा उचलतात. त्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो आणि काचांमधलं अंतर आधीच ठरलेलं. तुमचे दोन्ही नंबर सारखे आणि कमी असतील, पीडी सरासरीच्या आसपास असेल, तर थोडा वेळ पेपर वाचायला तो चालून जातो. दिवसभराच्या कामासाठी माप देऊन केलेलाच बरा.

मुलांबाबतही उत्तर सरसकट 'नाही' असं नाही. बेंगळुरू परिसरात ११ ते १५ वयोगटातल्या शाळकरी मुलांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे दोन्ही डोळ्यांचे नंबर जवळपास सारखे होते आणि फ्रेम नीट बसत होती, अशा निवडक मुलांनी तयार चष्मेही माप देऊन केलेल्या चष्म्यांइतकेच वापरले. पण ही निवड तपासणी करूनच झाली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये मुलांची तपासणी होते, त्यात नजरही पाहिली जाते. शाळेतून चष्मा मिळाला असेल, तर तो चेहऱ्यावर नीट बसतो का, एवढं घरच्यांनी जरूर पाहावं.

चष्मा आल्यावर घरी कसं तपासायचं?

कागदावर मोठं अधिक चिन्ह काढा आणि कागद भिंतीला चिकटवा. चष्मा हातात धरून एका डोळ्याने एका काचेतून त्या चिन्हाकडे पाहा. काचेच्या आत आणि बाहेर रेषा तुटलेल्या दिसतील. काच हळूहळू सरकवा. उभी आणि आडवी रेष सलग दिसली की तुमची नजर ऑप्टिकल सेंटरमधून जात आहे. तिथे स्केच पेनने ठिपका द्या. दुसऱ्या काचेवरही तेच करा आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. हा अंदाज आहे, पण ४-५ मिलिमीटरची चूक त्यात कळते. सिलिंड्रिकल नंबर, प्रोग्रेसिव्ह काच किंवा डॉक्टरांनी दिलेला प्रिझम असेल, तर हा प्रयोग फसतो. मग दुकानात लेन्सोमीटरवर तपासायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

नव्या चष्म्याची सवय व्हायला काही दिवस लागतात, हे खरं. पण एक-दोन आठवड्यांनंतरही डोकं दुखत असेल तर थांबू नका. एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर तेवढीही वाट पाहू नका. आधी नंबर, मग पीडी, मग फ्रेमचं बसणं, असं क्रमाने तपासून घ्या.

पुढच्या वेळी डोळे तपासल्यावर कागदावर दोन्ही डोळ्यांची वेगळी पीडी, दूरची की जवळची आणि तारीख, एवढं लिहून मागा. मोठ्यांच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो असला की पुढची काही वर्षं तो उपयोगी पडेल. मुलांच्या मापाचा फोटो मात्र पुढच्या चष्म्यापर्यंत जुना झालेला असेल. आणि मूल चष्मा घालत नसेल, तर त्याला रागावण्याआधी एकदा त्याच्यासमोर बसून पाहा, त्याची बाहुली काचेत नेमकी कुठे दिसते ते.